सीएची नोकरी सोडून पायलट व्हायचंय, राजीनामा कधी देऊ?

मी एअरलाइनमध्ये पायलट आहे, मला आलेलं पत्र थोडक्यात असं आहे:

ताई, वय ३१, सीए आहे, पुण्यात एका मोठ्या कंपनीत इंटर्नल ऑडिटला आहे. पगार चांगला, बॉस चांगला, तक्रार करावी असं काही नाही. पण लहानपणापासून पायलट व्हायचं होतं, घरच्यांनी कॉमर्सला घातलं आणि ते राहून गेलं. साठवलेले २८ लाख आहेत. बाबा रिटायर्ड मुख्याध्यापक, ते नाशिकचं घर तारण ठेवायला तयार आहेत. आई अहमदाबादच्या अपघातापासून हा विषय निघाला की रडते. बायको बँकेत आहे, ती म्हणते "मला हो की नाही विचारू नकोस, तूच काय ते ठरव." मुलगी ३ वर्षांची. एका एजंटने सांगितलंय की परदेशात १४ महिन्यांत लायसन्स होईल आणि परत आल्यावर एअरलाइनमध्ये नोकरी पक्की, फक्त सीट अडवायला या महिन्यात ५ लाख भरा. मला उशीर झालाय का? राजीनामा कधी देऊ? मला अरे-तुरे केलंत तरी चालेल.

---

आधी ते ५ लाख. ते भरू नकोस. नोकरी पक्की असं कुठलाही एजंट सांगू शकत नाही कारण नोकरी द्यायचा अधिकार त्याच्याकडे नाहीच, एअरलाइनची स्वतःची परीक्षा असते, इंटरव्ह्यू असतो, सिम्युलेटर चेक असतो, आणि त्या दिवशी त्यांना माणसं हवी असली पाहिजेत. परदेशातून लायसन्स आणलंस तरी ते इथे जसंच्या तसं चालत नाही, डीजीसीएचे, म्हणजे आपल्या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे, पेपर द्यावे लागतात, लायसन्स कन्व्हर्ट करून घ्यावं लागतं, त्यात महिने जातात, ते त्या १४ महिन्यांत कुणी धरत नाही. परदेशी जाणं वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, तिकडे हवामान चांगलं असेल तर तास पटापट होतात हे खरंच आहे. पण मेडिकल झालेलं नाही, पेपर झालेले नाहीत आणि पैसे भरून मोकळा, असं तू तुझ्या एखाद्या क्लायंटला करू दिलं असतंस का?

आता उशीर झालाय का. नाही झाला. एअरलाइनमध्ये ६५ व्या वर्षापर्यंत उडवता येतं. आज ३१, अभ्यास आणि ट्रेनिंग धरून लायसन्स हातात येईपर्यंत ३४-३५, नोकरी लागेपर्यंत ३६-३७ धर, कॅप्टन व्हायला उड्डाणाचे १५०० तास आणि एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं आणि त्यानंतरही कंपनीचा नंबर लागावा लागतो, म्हणजे चाळिशीच्या पुढेमागे, त्यानंतरही वीसेक वर्षं उरतात. वयाची अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे, एअरलाइनचे जे कॅडेट प्रोग्रॅम, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या ट्रेनिंगच्या योजना, असतात त्यांना वरची वयोमर्यादा असते आणि तू त्याच्या काठावर आहेस. तेव्हा तो रस्ता तुझ्यासाठी कदाचित बंद असेल असं धरूनच हिशोब कर, उघडा निघाला तर चांगलंच. त्या प्रोग्रॅमचा खर्चही एकूण कोटीच्या घरात जातो हे लक्षात ठेव.

राजीनाम्याचं उत्तर एका ओळीत देते. मेडिकल, बारावीचे विषय आणि डीजीसीएचे पेपर हे सगळं नोकरीत राहून होतं, राजीनामा यातला शेवटचा कागद आहे. विमानात बसायची तारीख ठरली की तो द्यायचा, त्याआधी एक दिवससुद्धा नको.

मेडिकलपासून सुरुवात कर. इतकी माणसं या क्रमात चुकतात की मला खरंच त्रास होतो, लोक नोकरी सोडतात, फी भरतात, आणि मग कळतं की कलर व्हिजनमध्ये गडबड आहे किंवा ईसीजीत काहीतरी निघालंय. आधी डीजीसीएच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल होतं, त्यानंतर व्यावसायिक पायलटला लागणारं क्लास वन, ते ठरावीक केंद्रांवरच होतं आणि तारीख मिळायला थांबावं लागतं. डोळे, कान, ईसीजी, रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, वजन सगळं बघतात. चष्मा असेल तर त्याने घाबरू नकोस, चष्म्यासकट नीट दिसलं पाहिजे ही अट आहे, पण रंग नीट ओळखता आले पाहिजेत, त्यासाठी रंगांच्या ठिपक्यांतले आकडे वाचायला लावतात. ते तर तू उद्या कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन बघू शकतोस, दोनचारशे रुपयांत मोठा प्रश्न सुटेल. आणि जुनं काही आजारपण असेल, ऑपरेशन असेल, गोळ्या चालू असतील तर लपवायचं नाही. टेम्पररी अनफिट म्हणून आलं तर त्यावर उपाय करून परत जाता येतं, लपवलेलं पुढे उघडं पडलं तर सगळंच जातं. हे मेडिकल पुढे नोकरीभर ठरावीक काळाने होत राहणार आहे, म्हणजे तुझी सगळी कमाई तुझ्या तब्येतीवर टांगलेली असणार, सीएला ही चिंता नसते. बीपी वाढलं म्हणून कुणी बॅलन्स शीटवर सही करू नको असं म्हणत नाही.

दुसरं, तुझं कॉमर्स. पत्रात तू यावर एक अक्षरही लिहिलेलं नाहीयेस म्हणून मला शंका आहे की तुला हे माहीतच नसावं. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला, बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स लागतं. तू कॉमर्सला मॅथ्स घेतलं होतंस की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) हे बघ, फिजिक्स तर नक्कीच नसणार. यासाठी लोक एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ते विषय देतात, बऱ्याच कॉमर्सवाल्यांनी असंच केलंय, लाजण्यासारखं त्यात काही नाही. पण वेळ लागतो, फिजिक्सला प्रॅक्टिकलही असतं, आणि नंतर बोर्डाकडून मार्कशीटचं व्हेरिफिकेशन आणून डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेचा नोंदणी क्रमांक, काढायचा, त्याशिवाय पेपरला बसता येत नाही. ही अट काढून टाकायची चर्चा मधे बरीच झाली, पण तू चर्चेवर विसंबून राहू नकोस, फॉर्म भरून टाक. आणि खरं सांगू का, ३१ व्या वर्षी ऑफिसातून आल्यावर बारावीचं फिजिक्स घेऊन बसलास की तुझं तुलाच कळेल की ही ओढ किती खोल आहे.

पेपरांचं मला तुझ्याबाबतीत टेन्शन नाही. नेव्हिगेशन, मेटिरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल, आणि वेगळं आरटीआर, म्हणजे रेडिओवर बोलायचा परवाना. डीजीसीएच्या पेपरला पासिंग ७० टक्क्यांना आहे, पण सीएचे ग्रुप काढलेल्या माणसाला बसून अभ्यास करायची सवय असते. ऑनलाइन क्लास संध्याकाळचे असतात, नोकरी सांभाळून होतं. हे सगळे पेपर निघाले की मग फ्लाइंगला जा. फ्लाइंग स्कूलमध्ये जाऊन मग पेपर देऊ असं म्हणणारी मुलं दोन्हीकडे लटकतात.

आता उडण्याबद्दल बोलते, कारण तुझ्या पत्रात स्वप्न खूप वेळा आलंय आणि विमान एकदाही आलेलं नाही. एअरलाइनला लागायच्या आधी मी इन्स्ट्रक्टर होते. पहाटे अंधारात उठायचं, साडेपाच-सहाला एप्रनवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे, सेसना १७२ च्या पंखांवर दव साचलेलं असतं. पंखाखालच्या ड्रेनमधून छोट्या पारदर्शक नळीत थोडं थोडं इंधन काढायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं, एव्हगॅस फिक्कट निळं दिसतं, खाली पाण्याचा थेंब वेगळा बसलाय का ते बघायचं, असला तर परत काढायचं, पुन्हा बघायचं. मग डिपस्टिकने ऑइल, टायर, फ्लॅपचे बिजागर, वेग मोजायच्या पिटो ट्यूबमध्ये एखाद्या किड्याने घर केलंय का. हे रोज. कालच बघितलं होतं म्हणून आज सोडून दिलं असं कधीच नाही. मग वर जाऊन धावपट्टीभोवतीचा तोच फेरा, म्हणजे सर्किट, डाउनविंड, बेस, फायनल, लँडिंग, परत टेकऑफ, परत तेच. उन्हाळ्यात दहा वाजले की विदर्भ-खानदेशात जमीन तापते, थर्मल्स, म्हणजे वर चढणारे गरम हवेचे झोत, सुरू होतात, विमान वरखाली ढकललं जातं, सुरुवातीला कित्येकांना उलट्या होतात. पावसाळ्यात ढग खाली असले की आठवडेच्या आठवडे विमान हँगरात आणि तू हॉस्टेलच्या खाटेवर. २०० तास व्हायला लागतात, त्यातले १०० पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी तुझ्यावर असताना, त्यात एक ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटरची क्रॉस कंट्री, रात्रीचं उड्डाण वेगळं. कागदावर वर्षाचं काम आहे, प्रत्यक्षात दीड-दोन वर्षं धरून चाल.

तुझ्यासारखे नोकरी सोडून आलेले विद्यार्थी मी शिकवलेत. त्यांचा अभ्यास उत्तम असतो, चेकलिस्ट कधी चुकत नाही, इंटर्नल ऑडिटच्या माणसाला तर हे रक्तातच असेल आणि पुढे एअरलाइनमध्ये याच गोष्टीला खूप किंमत आहे, कारण ते काम नव्वद टक्के प्रोसिजरच आहे. पण लँडिंगला हीच माणसं अडकायची. जमीन जवळ आली की डोक्यात विचार सुरू, आणि विचार करेपर्यंत विमान टेकलेलं असतं, धाडकन. बाजूचा एकोणीस वर्षांचा पोरगा हसतखेळत सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, करून येतो, इन्स्ट्रक्टर स्वतः पंचविशीचा, तो तुला सगळ्यांसमोर झापतो, आणि तू काल-परवापर्यंत मीटिंगमध्ये जीएमला प्रश्न विचारत होतास. हे पचवणं अवघड जातं, खूप अवघड जातं. फ्लाइंग न आल्यामुळे परत गेलेले मला फार आठवत नाहीत, या गोष्टीने मनातून खचलेले मात्र आठवतात. तेव्हा तुला आत्ताच सांगून ठेवते, पहिले काही महिने तू वर्गातला ढ मुलगा असशील आणि ते चालतं.

पैशाकडे येते, आणि पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे थांबायच्या काळाकडे. इथे सीपीएलचा खर्च राहणंखाणं, क्लास धरून ५५ ते ७० लाखांत जातो. त्यावर ए३२० किंवा ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे तेवढं एकच प्रकारचं विमान उडवायची परवानगी, ते आणखी १५-२० लाख. लायसन्स झालं की लगेच पगार असं सगळेजण गृहीत धरतात आणि घरं अडचणीत येतात ती इथेच. बघ, १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली, वर्षभरात कोविड आला, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. अशी एक कंपनी बंद पडली की अनुभवी, टाइप रेटिंग असलेले शेकडो पायलट बाजारात येतात, उरलेल्या एअरलाइन आधी त्यांनाच घेतात कारण त्यांना शिकवायला वेळ आणि पैसा कमी लागतो, आणि २०० तासवाला फ्रेशर आपोआप रांगेत मागे ढकलला जातो. त्याने काही चूक केलेली नसते. उलट बाजूही आहे, २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली, त्या बातम्या वाचूनच तुझ्यासारख्या कित्येकांना उभारी आली असणार. ऑर्डर खऱ्या आहेत, पण विमानं यायला कित्येक वर्षं लागतात, आणि मधेच इंजिनांची अडचण झाली तर आलेलीही उभी राहतात, प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमुळे आपल्याकडे ते बघितलंच आपण. म्हणजे भरती लाटेने येते आणि तू लायसन्स घेऊन बाहेर पडशील तेव्हा लाट आहे की ओहोटी हे आज कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून लायसन्सनंतर दोन वर्षं एक रुपया येणार नाही असं धरून एक्सेल शीट बनव. त्या दोन वर्षांतही इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर दिसत नसताना उपकरणांवर उडवायची परवानगी) चालू ठेवायला, हात बसलेला राहायला खर्च येतच असतो. आणि टाइप रेटिंग हातात ऑफर असल्याशिवाय स्वतःच्या पैशाने करू नकोस, ए३२० चं करून बसलास आणि भरती भलत्याच विमानावर निघाली तर ते पैसे अडकले.

५० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी घेतलंस तर वर्षाला सव्वापाच लाख नुसतं व्याज, मोरॅटोरियममध्ये, म्हणजे हप्ते सुरू व्हायच्या आधी, ते चढत राहतं, आणि हप्ता दहा वर्षांसाठी धरला तर महिन्याला साडेसदुसष्ट हजारांच्या आसपास, तोही चढलेलं व्याज न धरता. हे तुला मी काय सांगणार, तुझं रोजचं काम आहे. पण तुझ्या पत्रात हा आकडा कुठेच नव्हता म्हणून लिहिलं.

आणि नाशिकचं घर तारण ठेवायचं नाही. बाबा तयार आहेत हे त्यांचं मोठेपण, मला ते वाचून भरून आलं, पण ज्या माणसाने आयुष्यभर मास्तरकी करून एक घर बांधलं त्याच्या म्हातारपणी ते घर लाटेच्या भरवशावर टाकायचं नाही. माझं मत विचारशील तर तू अजून दोन वर्षं नोकरी कर, तशीही मेडिकल, फिजिक्स आणि पेपरांना ती लागणारच आहेत. त्या दोन वर्षांत २८ चे ४५ कर. मग कर्ज छोटं राहील. आयसीएआयची (सीएंच्या संस्थेची) मेंबरशिप कधीही सोडू नकोस, आणि कंपनीत बिनपगारी रजा मिळते का ते एकदा मोकळेपणाने विचार.

एक वेगळी वाटही आहे. पीपीएल, म्हणजे हौसेने उडवायचं खासगी पायलटचं लायसन्स. त्याला ४० तास, दहावी पास पुरते, फिजिक्सची भानगड नाही, क्लास टू मेडिकलवर होतं. खर्च अर्थात आहेच पण नोकरी राहते, आणि ते तासही पुढे सीपीएलमध्ये धरले जातात. तुला नक्की काय हवंय, उडायला हवंय की एअरलाइनचं आयुष्य हवंय, हे त्यात कळून जाईल. दोन्ही सारखं वाटतं पण नाहीये. एअरलाइनमध्ये पहाटे ३ चं रिपोर्टिंग असतं, बेस कोलकाता नाहीतर चेन्नई मिळू शकतो, गणपतीला आणि मुलीच्या वाढदिवसाला तू कुठल्यातरी हॉटेलात असणार. डीजीसीएच्या नव्या नियमात आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास केलीये, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आलीये, ते चांगलंच झालं, आम्ही किती वर्षं मागत होतो. तरी शरीराचं घड्याळ बिघडतं ते बिघडतंच.

बायकोबद्दल. ती "तूच ठरव" म्हणते याचा अर्थ तिला फरक पडत नाही असा अजिबात घेऊ नकोस. नाही म्हटलं तर आयुष्यभर तिने अडवलं असं होईल, हो म्हटलं आणि फसलं तर तिनेच जाऊ दिलं असं होईल, त्या बिचारीला तू दोन्हीकडून कोंडीत पकडलंयस. हो की नाही विचारूच नकोस तिला. शीट उघडून शेजारी बस आणि विचार की तिच्या एकटीच्या पगारावर घर किती महिने निघेल, मुलीच्या शाळेचं काय, तुझे आई-बाबा आजारी पडले तर पैसे कुठून. ती बँकेत आहे, कर्ज बुडताना तिने तुझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलंय. आणि थांबायची तारीख तिला ठरवू दे. अमुक तारखेपर्यंत एअरलाइन लागली नाही तर तू परत ऑडिटला, कुरकुर न करता. ही तारीख कागदावर लिहा. ती तारीख पाळायची तुझी तयारी नसेल तर मग मात्र मी म्हणेन की जाऊच नकोस.

आईला आकडे सांगू नकोस. १२ जून २०२५ ला अहमदाबादला जे झालं त्यानंतर आमच्या घरीही फोन वाजला की माझी आई दचकायची, अजूनही लँड झाल्यावर मी तिला आधी मेसेज करते आणि मग बॅग काढते. विमान प्रवास किती सुरक्षित असतो हे सांगून कुठल्याच आईचं समाधान होत नाही. तिला रडू दे, तिथून उठून जाऊ नकोस.

फ्लाइंग स्कूल बघायला आपल्याकडे गोंदिया आहे, शिरपूर आहे, धुळे, बारामती आहे, बाहेर रायबरेलीजवळ फुरसतगंजला इग्रुआ ही सरकारी अकादमी. २०२५ पासून डीजीसीए या संस्थांचं रँकिंग काढतंय, ते बघ, पण तेवढ्यावर जाऊ नकोस. ऑफिसमध्ये ब्रोशर दाखवतील, ते ठेव बाजूला, सकाळी साडेसहाला एप्रनच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहा आणि मोज, किती विमानं आहेत आणि त्यातली उडतायत किती. मग कँटीनमध्ये मुलांशी बोल. गेल्या महिन्यात किती तास झाले, इन्स्ट्रक्टर किती सोडून गेले, विमान स्पेअरपार्टसाठी किती दिवस उभं आहे. मुलं खरं सांगतात, पैसे त्यांचे गेलेले असतात. फी टप्प्याटप्प्याने घेतात का ते विचार, एकरकमी मागत असतील तर तिथून निघून ये, मग ते कितीही डिस्काउंट देवोत. जाताना बायकोलाही घेऊन जा, असे प्रश्न ती तुझ्यापेक्षा चांगले विचारेल.

मेडिकलचा रिझल्ट आला की मला कळव, फिट आलास तर पेपर कुठल्या क्रमाने द्यायचे ते सविस्तर लिहीन.